पाणी कुठं मिळेल?

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला मला फारसं काही करावं लागलं नाही. घरातले लोकच ती माझ्याऐवजी सांगत आले आणि मी ऐकत गप्प बसलो. ते सांगतात ते असं: नातीसाठी नव्या कोर्सचं कॉलेज बघायला आबा गेले, संस्थावाल्यांनी गोड बोलून त्यांना फसवलं, आणि पोरीची दोन वर्षं वाया गेली. शेवटी माझी सून म्हणते, "त्यात आबांचा काय दोष?" मग कुणीतरी चहाचा कप माझ्याकडे सरकवतं.

यातलं बाकी सगळं खरं आहे. मला फसवलं, एवढंच खरं नाही.

मी शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होतो. हातकणंगले तालुक्यात आणि आसपास शाळा तपासत माझी नोकरी गेली. तपासणीच्या दिवशी शाळा कशी दिसते ते मला पाठ आहे. अंगण झाडलेलं, फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार, मुलांच्या केसांना तेल. आणि कधीकधी, पट कमी असला की, शेजारच्या वस्तीवरून उसनी आणून बसवलेली मुलं. ही मुलं ओळखायची माझी एक रीत होती. मी पट मोजायचो नाही की हजेरी मागायचो नाही. मागच्या रांगेतल्या एखाद्या पोराजवळ जायचो आणि म्हणायचो, "बाळ, तहान लागलीय. पाणी कुठं मिळेल?" शाळेतलं पोर असेल तर ते वाक्य पुरं व्हायच्या आत पळत सुटायचं. उसनं असेल तर गुरुजींच्या तोंडाकडे बघायचं.

ही रीत मी घरी पुष्कळदा सांगितली आहे. नात लहान असताना तिला ती फार आवडायची. ती खोटं खोटं इन्स्पेक्टर व्हायची, मी उसनं पोर व्हायचो, आणि पाणी विचारलं की मी घाबरून आजीकडे बघायचं, असा आमचा खेळ होता.

ओळखल्यावर मी काय करायचो, हे मात्र मी घरी कधी सांगितलं नाही. काही करायचो नाही. दुपारी जेवण असायचं, गावातली चार मोठी माणसं यायची, नारळ आणि फेटा व्हायचा, आणि मी शेरा लिहायचो, 'समाधानकारक'. शाळा बंद पडली तर खरी मुलंही घरी बसतील, असं मी स्वतःला सांगायचो. ते काही वेळा खरंही असेल.

नात बारावी झाली तेव्हा तिला नीटमध्ये डॉक्टरकीपुरते मार्क पडले नाहीत. ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच एक नवी वाट शोधून आली. फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरांच्या बरोबरीनं पेशंटची सगळी हकीकत घ्यायची, तपासायचं, ऑपरेशनला मदतीला उभं राहायचं, नंतर वॉर्डात लक्ष ठेवायचं. घरात हे समजावून सांगताना तिच्या नाकी नऊ आले.

"म्हंजे कंपौंडर?" माझ्या बायकोनं विचारलं.

"नाही गं आजी."

"मग नर्स?"

"नर्स पण नाही."

शेजारचे एक निवृत्त फौजी तेव्हा पेपर वाचायला आले होते. ते म्हणाले, "पी.ए. म्हंजे आमदाराचा असतोय तसला की. चांगलं हाय. डॉक्टरला भेटायचं आसलं की आधी हिला भेटायचं."

ती हसली, पण तिचं ठरलं होतं. प्रश्न एवढाच होता की कुठं शिकायचं. कर्नाटकात, रात्रभराच्या प्रवासावर, एक जुनं कॉलेज होतं. तिथं हा कोर्स बऱ्याच वर्षांपासून चालू होता आणि तिला जागाही मिळाली होती. आठवड्याभरात होकार कळवायचा होता. दुसरं कॉलेज आपल्या इथंच, शहराबाहेर माळावर नव्यानं उभं राहिलेलं. तिथं कोर्स चालू होऊन एकच वर्ष झालं होतं. मुलगा फौंड्रीत सुपरवायझर, त्याला सुट्टी नव्हती. तो म्हणाला, "आबा, तुम्ही जन्मभर शाळा तपासल्या. तुम्ही एकदा बघून या. तुम्ही सांगाल ते फायनल."

मला ते ऐकून बरं वाटलं, हे लपवत नाही. निवृत्त झाल्यावर कुणी मला काही फायनल करायला सांगितलं नव्हतं.

नातीच्या स्कूटीवर मागे बसून मी गेलो. कळंब्याच्या आमच्या घरून निघताना ती म्हणाली, "आबा, एकच बघायचं. शिकवायला हॉस्पिटल आहे की नाही. बिल्डिंग कशी पण असू दे. पेशंटच नसले तर मी शिकणार कशावर?" अठरा वर्षांच्या पोरीनं अख्खा कोर्स एका वाक्यात तपासला होता. मी म्हटलं, "बघू की."

कॉलेजच्या दारात संस्थेचे सचिव उभे होते. मला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले. "दाजी? आवो दाजी, तुमी?"

माझी सासुरवाडी पेठ वडगावजवळच्या एका खेड्यात. सचिव त्याच गावचे, माझ्या मेहुण्याच्या वर्गातले. आमच्या लग्नात त्यांनी पंगतीत बुंदी वाढली होती. त्या गावात मी सगळ्यांचाच दाजी. जावई म्हातारा झाला, टक्कल पडलं, काठी आली, तरी तिथं गेला की तो जावईच असतो. त्यानं काय करायचं हे ठरलेलं असतं. बसायचं, जे पुढं येईल ते घ्यायचं, आणि चांगलं म्हणायचं.

"आधी सांगायचं न्हाई व्हय? गाडी धाडली आसती," सचिव म्हणाले.

"पोरीला कॉलेज बघायचंय," मी म्हटलं.

"बघू दे की. तिचंच हाय. बसा आधी."

आम्ही अजून काहीच बघितलं नव्हतं, तेवढ्यात एका माणसानं फेट्याचं कापड आणलं. मी नको नको म्हणालो, पण मान पुढे केली. कोल्हापूरचा फेटा डोक्यावर चढला की माणसाची पाठ आपोआप ताठ होते. बाहेरचे लोक त्याला नुसता मान समजतात. मी त्या फेट्याखाली खूप वर्षं बसलो आहे. डोक्यावर दुसऱ्यानं बांधलेलं कापड असताना त्याच्या घरातली धूळ बोटानं पुसून बघता येत नाही.

मग सगळं दाखवलं. वर्ग चांगले होते, बाकांना अजून रंगाचा वास होता. एका खोलीत रबराचे पुतळे होते, माणसाच्या छातीवर दाब कसा द्यायचा ते शिकण्यासाठी. एकाच्या पायावर अजून प्लॅस्टिक होतं. मागच्या खिडकीतून हॉस्पिटलची इमारत दिसत होती, तिला बांबू बांधलेले होते. "दोन म्हयन्यात चालू," सचिव म्हणाले. शेवटी एका हॉलमध्ये पांढरे कोट घातलेली पंधरा-वीस मुलं-मुली बसवली होती. "ही आमची पयली बॅच. आता दुसऱ्या वर्षाला."

नात पुढे झाली. "सर, यांची वॉर्डातली ड्यूटी कुठं असते? म्हणजे आत्ता. कुठल्या हॉस्पिटलमध्ये? आम्हाला तिथं जाऊन बघता येईल का?"

सचिवांनी उत्तर तिला दिलं नाही. माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "दाजी, नातीला वकील करायची सोडून हिकडं कुठं आणलीसा?"

सगळे हसले. मीही हसलो. तिचा चेहरा लाल झाला, पण ती हटली नाही. "तसं नाही सर, मला फक्त..."

"पुरे आता," मी म्हटलं. "आपल्या माणसांत असं खोदून विचारत नसतात."

डिशमध्ये शिरा आला. मी सचिवांशी सासुरवाडीच्या गप्पा मारत होतो, कोण गेलं, कोणाचं शेत कोणी घेतलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की नात उठून त्या मुलींपैकी एकीजवळ गेली आहे आणि काहीतरी विचारते आहे. त्या मुलीनं आधी इकडेतिकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या एका मॅडमकडे बघितलं.

नात परत येऊन माझ्या शेजारी बसली. खाली बघत, अगदी हळू म्हणाली, "आबा, मी तिला पाणी कुठं मिळेल म्हणून विचारलं. तिला माहीत नाही. कूलर जिन्याखाली आहे, आपण येताना बघितला."

आणि तिनं माझ्याकडे बघितलं. ती घाबरली नव्हती. गणित बरोबर आलेलं पोर मास्तरांकडे बघतं तशी बघत होती. मी शिकवलेली रीत तिनं माझ्यासमोर वापरून दाखवली होती, आणि मी मान हलवावी एवढीच तिची अपेक्षा होती.

त्याआधीच मला कळलं होतं. कोटांच्या बाह्यांवर दुकानातल्या घड्या होत्या. दोन मुलांच्या खिशावर संस्थेच्याच दुसऱ्या कुठल्यातरी कोर्सचं नाव होतं, ते त्यांनी पेन लावून झाकलं होतं, तरी दिसत होतं. त्या मुलांना आत बघताक्षणी मला माझ्या शाळा आठवल्या होत्या.

मी म्हटलं, "नवी इमारत आहे. ही मुलं गेल्याच आठवड्यात इकडं आली असतील. तू उगीच संशय घेऊ नकोस."

तिनं मान खाली घातली. तिच्या चेहऱ्यावरून ते गणित पुसलं गेलेलं मी बघितलं.

परतताना स्कूटीवर एका हातानं मी फेटा धरला होता. वारा होता. तिनं मागे न बघता विचारलं, "आबा, खरं सांगा. तुम्हाला कसं वाटलं?"

"चांगलं आहे," मी म्हटलं. "मी एवढ्या शाळा बघितल्यात, मला कळतं."

"मग मला असं का वाटतंय?"

"पहिल्यांदा बघतेस म्हणून."

तिनं स्कूटी घराच्या रस्त्याला वळवली. मग म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही म्हणता म्हणजे असेल." संध्याकाळी तिनं कर्नाटकातल्या कॉलेजला नकार कळवला.

मी असं का केलं, याची कारणं मी पुष्कळ शोधली. ती घराजवळ राहावी असं मला वाटत होतं. तिच्या आजीला ती रोज इन्सुलिन द्यायची, आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं आजीला दुखायचं. हे खरं आहे. पण त्या हॉलमध्ये मला आजी आठवली नव्हती. तिथं मला फक्त एवढं वाटत होतं की आता मी उठलो आणि 'ही मुलं उसनी आहेत' म्हणालो, तर डोक्यावरचा फेटा कुठं ठेवू? सासुरवाडीत काय तोंड दाखवू? आयुष्यभर मी जे केलं तेच मी केलं. फरक इतकाच, की आधी ज्यांचं नुकसान झालं ती मुलं माझ्या घरात राहत नव्हती. त्यांच्याकडे बघावं लागत नव्हतं. ह्या वयात त्यांचीही आठवण येते.

पुढचं थोडक्यात सांगतो. पहिलं वर्ष वर्गात बरं गेलं. दुसऱ्या वर्षी वॉर्डात जायचं तर हॉस्पिटलचे बांबू तसेच. मुलांना शहरातल्या एका छोट्या दवाखान्यात पाठवलं, तिथं त्यांनी काउंटरवर बसून केसपेपर लिहिले. एकदा ती घरी येऊन म्हणाली, "फौजीकाका बरोबर बोलले होते. मी पी.ए.च झाले." ती हसत होती, पण जेवली नाही. दोन वर्षांनी तिनं कॉलेज सोडलं. कर्नाटकातल्या त्याच जुन्या कॉलेजात पुन्हा अर्ज केला, पुन्हा पहिल्या वर्षाला, आपल्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी बसली.

दोन वर्षं भरून निघतात. तीही निघाली. आता ती एका मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशनच्या विभागात काम करते आणि तिचे डॉक्टर तिला विचारून गोष्टी ठरवतात, असं तिची आई सांगते. माळावरच्या त्या कॉलेजचंही हॉस्पिटल नंतर उभं राहिलं, तिथं आता बरं शिकवतात असं ऐकतो. नव्या कोर्सला पहिली मुलं लागतातच, त्याशिवाय तो जुना कसा होणार? पण ती मुलं सगळं बघून, सगळं माहीत असून तिथं गेली पाहिजेत. माझी नात सगळं बघून आली होती. तिचं बघणं मी खोटं ठरवलं.

भरून न निघालेली गोष्ट ही आहे. त्या दिवसानंतर बरीच वर्षं ती काहीही ठरवताना दुसऱ्याला विचारायची. चप्पल घेतानासुद्धा आईला फोटो पाठवायची. "मला कळत नाही त्यातलं," हे वाक्य तिच्या तोंडात बसलं. लहानपणी तिनं ते कधी म्हटलं नव्हतं. घरात ज्या ज्या वेळी त्या कॉलेजचा विषय निघाला, त्या त्या वेळी ती मलाच समजावत राहिली. "आबा, तुम्हाला तरी काय माहीत असणार? दोघांनाही कळलं नाही आपल्याला."

दोघांनाही. हा शब्द मी इतकी वर्षं घेऊन फिरतो आहे. तिची माफी मागायची तर आधी तो शब्द तिच्याकडून काढून घ्यावा लागेल. साध्याभोळ्या आजोबांबरोबर आपण फसलो, याचा तिला काहीतरी आधार असेल. आजोबांना कळलं होतं, हे ऐकल्यावर तिच्या हातात काय उरेल, ते मला सांगता येत नाही. असं म्हणून मी आणखी काही वर्षं काढली. हे कारणही मला फेट्यासारखंच सोयीचं झालं.

परवा ती चार दिवस सुट्टीला आली होती. जायच्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत आली आणि बोलता बोलता पलंगाकडे बघून थांबली.

"आबा, दोन उशा कधीपासून?"

"मान दुखते."

"दम लागतो का?"

"छे. काही नाही. चांगला आहे मी."

तिनं पुढे काही विचारलं नाही. खाली बसली, माझा मोजा उतरवला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा सुजेत खड्डा पडला होता. तो आम्ही दोघांनी बघितला.

"अशानं उद्या मला विचारतील, घरच्या पेशंटकडं लक्ष नव्हतं काय," ती म्हणाली. रागावली नव्हती. पिशवीतून तिनं स्टेथो काढला. "तुम्हीच शिकवलंय की. माणूस खोटं बोलतो. म्हणून त्याला सरळ विचारायचं नाही, त्याच्या खोलीत काय कुठं आहे ते बघायचं. तो पाण्याचा प्रश्न आठवतो का?"

मला वाटलं, हीच वेळ. ती समोर होती, तिनंच विषय काढला होता, घरात दुसरं कुणी ऐकत नव्हतं. मी तिचा हात धरला. "बाळ, त्या दिवशी त्या कॉलेजात..."

तिनं स्टेथो माझ्या पाठीला लावला. "बोलू नका आबा. नुसता मोठा श्वास घ्या. सोडा. परत घ्या."

मी श्वास घेत राहिलो. ती डोळे मिटून, एकेक जागा बदलत, ऐकत राहिली. आत काय चाललं आहे ते ती इतक्या लक्ष देऊन ऐकत होती की एका क्षणाला मला वाटलं, न सांगताच हिला कळेल. मग तिनं स्टेथो काढला, मुलाला हाक मारून कोणत्या डॉक्टरांकडे आजच न्यायचं ते सांगितलं, माझा मोजा परत चढवला, आणि तिची बसची वेळ झाली. दारातून म्हणाली, "आता तरी खरं सांगत जा."

मला तिला जे सांगायचं होतं ते फार मोठं नव्हतं. त्या मुलीला पाणी कुठं मिळतं ते माहीत नव्हतं, आणि तू बरोबर ओळखलं होतंस. मलाही तेव्हाच कळलं होतं. मी तुला खोटं पाडलं. मला माफ कर.